कापसावरचा माणूस

वणीच्या जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची लांब रांग लागली होती. वजनकाटा बिघडलेला, सकाळशिवाय कोणी हलणार नव्हतं, म्हणून पोरांनी एका पिकअपचं डेक मोठ्यानं लावलं होतं. म्हातारे ड्रायव्हर मारोतराव शेकोटीशी आले, पण बसले नाहीत. आधी डेक बंद करायला लावलं, मग त्या गाडीच्या कापसावर कोणी निजलंय का, हे हाक मारून पाहिलं. कोणी नव्हतं. पोरं हसली, काहून म्हणून विचारायला लागली. मारोतराव खाली बसले आणि सांगू लागले.

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर देवसिंग नावाचा माझ्या ओळखीचा पिकअपवाला आहे. आहे म्हणजे अजून आहे, हातीपायी धड आहे, खोटं वाटत असेल तर उद्या जाऊन विचारा. एके काळी मोठा बोलका गडी. गाडीत माणूस नसला तर स्टेअरिंगशी बोलायचा. त्याचा जिवाभावाचा दोस्त अश्वजित, गावातल्या बौद्धवाड्यातला. थोडंसं वावर होतं आणि गळा गोड होता, भीमजयंतीला त्याच्या गायन पार्टीशिवाय गावाचं पान हलायचं नाही. दोघं पहिलीपासून एका बाकावर बसलेले. एकाच्या घरी भाकर कमी पडली तर दुसऱ्याच्या घरी जेवायचे.

देवसिंगच्या गाडीत ते ब्लूटूथचं डेक अश्वजितनंच बसवायला लावलं होतं. तुम्हाला ठाऊक आहे, कापूस सुटा भरला की कोणीतरी वर बसावं लागतं. जाळी उडू नये, वाटेत कोणी ओढून नेऊ नये. वरचा माणूस टपावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ट्रक आले तेव्हापासूनची ही रीत. डेक आलं आणि थाप गेली. अश्वजित वर कापसावर आडवा होऊन आपल्या मोबाइलवरून गाणं लावायचा, ते खाली केबिनमध्ये वाजायचं. चहाची तलफ आली की वरूनच फोन करायचा, खाली देवसिंग मोबाइलला हात न लावता डेकवरूनच बोलायचा. जोड तुटली की डेकमधली बाई इंग्रजीत तसं सांगायची. तिला हे दोघं मॅडम म्हणायचे. मॅडम रुसली, मॅडम आली, असा त्यांचा पोरखेळ चालायचा.

तर दोन हजार सतरा साल. दत्तजयंतीची आदली रात्र. तुम्ही म्हणाल अमावास्या असेल. नव्हती. टिपूर चांदणं होतं, सुई पडली तरी दिसावी असं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं सगळ्यांचंच वाटोळं केलं होतं. अश्वजितच्या बायकोनं, साधनानं, किडकी बोंडं सोलून सोलून निघेल तेवढा कापूस वेचला होता. तो ढाणकीच्या व्यापाऱ्याकडे पहाटेच्या काट्याला लावायचा होता. निघताना तिनं दोघांना दशम्या बांधून दिल्या आणि देवसिंगला म्हणाली, ह्यायले झोप लागते, सांभाळून न्या. सांभाळतो, असं देवसिंग म्हणाला.

अश्वजितनं वरून आपल्या पार्टीचं गाणं लावलं. गेल्या जयंतीला मोबाइलवरच भरून घेतलेलं, त्यात त्याचाच आवाज. ते दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, हे ध्यानात ठेवा. देवसिंग खाली मांडीवर ठेका धरून चालला होता. जंगलाचा पट्टा लागला. नाल्यावरच्या रपट्याला, म्हणजे ठेंगण्या पुलाला, खड्डा होता, गाडी दणकून आदळली. थोडं पुढे गेल्यावर ओळीच्या मधेच गाणं तुटलं. मॅडम बोलली, डिसकनेक्टेड.

देवसिंगला वाटलं, याची बॅटरी उतरली. किंवा गाणं ऐकता ऐकता झोपला. तेवढ्यात डेकनं देवसिंगचाच मोबाइल धरला आणि रुपीबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. सकाळी माहूरला कधी निघायचं, नारळ किती घ्यायचे, असं तिचं चाललं होतं. बोलता बोलता समोर नाव आलं. अश्वजित. देवसिंगनं कट केला. पुन्हा आलं. पुन्हा कट केला. हसून रुपीबाईला म्हणाला, "वरचा साहेब चहा मागून राह्यला. आता ढाणकीतच पाजतो त्याले."

तीही हसली. तिसऱ्यांदा फोन आला नाही.

ढाणकीत गाडी लावून यानं हाक मारली, उतर बे. वरून कोणी बोललं नाही. चाकावर पाय देऊन वर चढला. जाळी एका बाजूनं सुटलेली. कापूस होता. माणूस नव्हता.

मग तो कसा परत फिरला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. रपट्याच्या पुढे, कडेच्या गवतात अश्वजित पडलेला होता. तोंड ढाणकीच्या दिशेला. पडला तिथून थोडा सरकत आला होता, गवत तसं दबलेलं होतं. फोन मुठीत. देवसिंगनं त्याला मांडीवर घेतलं, हाका मारल्या. काही उरलं नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला, माती झाली. तिसऱ्या दिवशी साधनानं देवसिंगला एकच विचारलं, "फोन केलता काय त्यायनं तुमाले?"

देवसिंग म्हणाला, "नाही वहिनी. जागच्या जागी गेला तो."

तिनं ते धरून ठेवलं. दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, त्रास नाही झाला त्यायले, जागच्या जागी गेले. तेवढ्याच एका वाक्यावर बाई उभी होती. आणि देवसिंगनं आपल्या मोबाइलमधून ते दोन फोन पुसून टाकले होते. मोबाइलमधून पुसता येतं हो. पण माणूस आतून सडत गेला. बोलणं आटलं, डेकचं बटण बंद केलं ते केलंच. साधनाच्या वावरात स्वतः डवरा धरायचा, खत वाहून द्यायचा, तिच्या घरचं पाणी मात्र प्यायचा नाही. ती म्हणायची, दोस्त असावा तर असा. ते ऐकलं की हा उठून जायचा. मला विचाराल तर मारलं असतं तिनं त्याला, तर बरं झालं असतं.

वर्ष गेलं. तिनं पुन्हा कापूस लावला होता. नेमका दत्तजयंतीच्या आदल्या रात्रीच ढाणकीला न्यायचा निघाला. देवसिंगनं गाडी बिघडली म्हणून पाहिलं, ताप आला म्हणून पाहिलं. साधना म्हणाली, दुसऱ्याच्या गाडीत मी टाकत नाही. तिच्यापुढे त्याचं काय चालणार? निघाला. वर कोणाला बसवलं नाही. जाळी चारही बाजूंनी दोरानं आवळली. मोबाइल बंद करून खिशात ठेवला.

तसंच चांदणं. तोच पट्टा. रपटा आला तशी यानं गाडी अगदी हळू केली, खड्डा चुकवला.

आणि डेकचा दिवा लागला.

यानं हात लावला नव्हता.

मॅडम बोलली... कनेक्टेड.

गाणं सुरू झालं. पहिल्यापासून नाही. ओळीच्या मधून. जिथं तुटलं होतं, तिथून पुढे.

त्याचाच आवाज.

गाडी चालतच होती. मग गाणं थांबलं. घंटी वाजायला लागली. डेकवर नाव आलं.

अश्वजित.

सवयीनं बोट लाल बटणाकडे गेलं... तिथंच अडलं. घंटी वाजतच होती. यानं डोळे मिटले आणि हिरवं दाबलं.

...

नुसता श्वास. गवताची सळसळ.

...

"देवसिंग."

...

"थांब न बे. मी खालीच राह्यलो."

यानं ब्रेक दाबला. आरशात पाहायची हिंमत झाली नाही. स्टेअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागला. त्याला भीती वाटली नाही, असं तो सांगतो. नुसतं रडू आलं. "ये बाप्पा," म्हणाला. "ये, बस. मी थांबलो."

थांबून राहिला.

किती वेळ, कोणास ठाऊक.

मग गाडी मागून थोडी दबली. स्प्रिंगच्या पाट्या करकरल्या. जाळी हलली.

आणि डोक्यावर, टपावर...

एक थाप. दुसरी थाप.

चल.

देवसिंग निघाला. पायी चालणारा पुढे जाईल, इतक्या हळू. सबंध रस्ताभर गाणं वाजत होतं आणि हा सबंध रस्ताभर बोलत होता. वर्षभराचं साठलेलं सगळं. माफ कर म्हणाला, साधना वहिनी बरी आहे म्हणाला, यंदा बोंडं चांगली फुटली म्हणाला. वरून उत्तर आलं नाही. ढाणकीच्या वेशीवर गाणं संपलं. तुटलं नाही, संपलं. मॅडम काही बोललीच नाही. यानं वर चढून पाहिलं. दोर होते तसे आवळलेले, कापसाला साधी खळगीसुद्धा नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, रडून रडून माणसाला भास होतात. मीही तेच म्हटलं असतं.

कापूस उतरवून तो तसाच साधनाच्या दारात गेला. ती अंगण झाडत होती. हा उभा राहून म्हणाला, "फोन आलता, वहिनी. दोनदा. मीच कट केला."

तिच्या हातातला झाडू खाली पडला.

"म्हणजे जित्ते होते ते," ती म्हणाली.

"हो."

"तुमाले बोलावत होते."

देवसिंगनं मान खाली घातली. वर्षभर जी बाई लोकांसमोर रडली नाही, ती तिथं अंगणात बसून रडली. यानं रात्रीचं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. मग उठून आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. अश्वजितचा फोन तिनं त्याच्याच उपरण्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवला होता. काच फुटलेली. बॅटरी फुगली म्हणून मोबाइलवाल्यानं वर्षापूर्वीच काढून फेकली होती. नुसता सांगाडा राहिलेला.

गाठोडं तिनं देवसिंगच्या अंगावर टाकलं. "घेऊन जा हा. तुमच्यासाठीच लावलता न त्यायनं. मले घरात नको."

देवसिंगनं झेललं. उपरण्याची गाठ सोडली, फोन हातात घेतला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"वहिनी... हात लावून पाहा."

नको नको म्हणत तिनं हात लावला. फोन तापलेला होता. कानाशी धरून रात्रभर कोणाशी बोलत बसलं की तापतो ना, तसा. मार्गशीर्षातली थंडीची सकाळ, पेटीचा पत्रा गार, उपरणं गार. आणि तो बिनबॅटरीचा फोन तेवढा गरम.

तिनं तो परत दिला नाही. उंबऱ्यावर बसली, दोन्ही हातांत धरला आणि गालाशी लावला. देवसिंग अंगणात उभाच होता. उन्हं अंगणात आली, शेजारच्या बाया पाण्याला निघाल्या, कोणीतरी हाक मारून गेलं. फोन पार गार होईपर्यंत ती तिथून उठली नाही.