ढब्बूचा कल

श्वानमानस प्रयोगशाळेच्या भिंतीवर ढब्बू कुत्र्याच्या मेंदूचं चित्र उमटलं होतं, आणि त्याचं लक्ष कुणाकडे आहे ते दाखवणारा त्यातला लाल ठिपका पुन्हा रेवा कांबळेकडेच सरकला. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेमांगी दातारांच्या अंगाचा तिळपापड झाला. ढब्बूला बाटलीनं दूध पाजलं त्यांनी, आजारपणात त्याच्या उशाशी बसल्या त्या. आणि चार महिन्यांपूर्वी आलेली ही पोरगी, जिनं त्याला साधं बिस्कीट दिलं नव्हतं, ती त्याचं लक्ष पळवत होती.

हेमांगीबाईंनीच घालून दिलेली एक रीत होती. कुत्रा निवृत्त झाला की सगळ्यांनी अंगणात गोल करून उभं राहायचं. तो ज्याच्या पायाशी बसेल त्याच्या घरी कायमचा जायचा. ढब्बूची पाळी उद्यावर आली होती.

त्यांनी रेवाला आडपडदा न ठेवता विचारलं, कसला लळा लावलास त्याला? रेवानं ढब्बूच्या कपाळावरचा मेंदूपट्टा सारखा केला.

"मॅडम, कुत्रा एक माणूस आपलं मानतो आणि जग त्याच्याकडून शिकतो. ते माणूस ज्याच्याकडे बघतं, ज्याच्यापाशी त्याचा श्वास बदलतो, तो कुत्र्यासाठी महत्त्वाचा. राग की लोभ, हे कुत्र्याला कळत नाही. किती, एवढंच कळतं."

"मग?"

"मी आल्यापासून तुम्ही माझ्याकडेच बघताय."

हे त्यांना पटलं, आणि पटलं म्हणून रेवाचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी अंगणात त्यांनी रेवाकडे बघायचं नाही असं ठरवलं. त्या स्वतःच्या चपलांकडे बघत राहिल्या. पण रेवा हलली की त्यांचा श्वास अडकायचा. ढब्बू आधी त्यांच्याकडेच आला, हात हुंगला, तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला, आणि वळून रेवाच्या पायाशी जाऊन बसला.

रेवाचा चेहरा उतरला. "तो तुमचाच आहे, मॅडम. म्हणून तर इकडे आला. घेऊन जा त्याला."

"रीत म्हणजे रीत," म्हणत हेमांगीबाईंनी ढब्बूच्या गळ्यातल्या पट्ट्याची दोरी तिच्या हातात दिली. तिच्याकडून भीक घ्यायला त्यांचं मन तयार होईना.

फाटकाशी ढब्बू थांबला. त्यानं मागे वळून हेमांगीबाईंकडे पाहिलं. त्यांनी एकदा त्याच्याकडे नजर वळवली असती, तर तो धावत परत आला असता.

त्या रेवाकडे बघत होत्या.