पश्चिमेचं वारं

हवामान खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे वाऱ्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या तिरुवान्मियूरला मे महिन्यात साडेबाराला समुद्रावरचं वारं येतं. मग मी गच्चीवरच्या पेटीतले दोन तापमापक वाचतो, एक कोरडा, एक ओल्या वातीचा, आणि खाली येऊन जेवायला बसतो. निवृत्तीनंतरही ही सवय सुटली नव्हती.

२००४च्या मेमध्ये आमचा एकुलता एक मुलगा कौशिक ओमानच्या वाळवंटात सर्वेक्षणाच्या कामावर होता. फोनवर म्हणाला, इथले उंटवाले विषारी वाऱ्याला फार भितात. गंधकाचा वास आला की पालथं पडायचं आणि तोंडावर ओलं फडकं घ्यायचं, म्हणतात. मी हसलो. जुन्या प्रवाशांची वर्णनं मी कोळून प्यायलो होतो: जांभळं आकाश, वाळूत नाक खुपसणारे उंट, झोपल्यासारखी दिसणारी प्रेतं. सगळ्या थापा.

"काचा लावून गाडीत बसून राहा," मी सांगितलं.

बायको, विद्युलता, मागून म्हणाली, "त्या लोकांचं ऐक रे." मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला वारं आलं नाही. एक वाजता आलं ते पश्चिमेकडून. मी पेटी उघडली. कोरडा पारा सत्तेचाळीसवर होता. वात खडखडीत वाळली होती, आणि तिच्याखालच्या, सकाळीच भरलेल्या कुपीत पाण्याचा थेंब नव्हता. गंधकाचा वास येत होता. मी घाबरलो, हे कबूल करतो.

धावत खाली आलो. विद्युलता हॉलमध्ये फरशीवर पालथी पडली होती. तोंडावर ओला पदर.

"पडा लवकर," ती म्हणाली. "कौशिक सांगतोय."

मी भिंतीला धरून उभाच राहिलो. डोळे घट्ट मिटले. वारं घरातून गेलं.

पाऊण तासाने फोन वाजला. तोवर ती हलली नव्हती.

कौशिकचा सहकारी राजगोपाल बोलत होता. बाकीचे सगळे पालथे पडले, वाचले. कौशिक एकटा गाडीत होता, काचा लावून.

"आम्ही खूप बोलावलं, सार. बाबांनी सांगितलंय, म्हणाला."

मी रिसीव्हर ठेवला. विद्युलता उठून बसली.

हॉलभर पिवळी, बारीक वाळू पसरली होती. विद्युलता पडली होती तेवढी फरशी स्वच्छ होती.

तिच्या शेजारी आणखी एक जागा स्वच्छ होती. पालथ्या माणसाएवढी, कौशिकच्या उंचीची.

तोंडाच्या जागी फरशी ओली होती.