पत्नीच्या फाट्यावर अपघात

त्याची-माझी पहिली भेट फोनवर झाली, तीही तो रस्ता चुकला म्हणून.

“नियंत्रण कक्ष, बुलढाणा. बोला.”

“मॅडम, मलकापूरहून मोटरसायकलनं निघालो... पण बुलढाणा काही येऊनच नाही राह्यलं.”

“काम काय तुमचं इथं?”

“तुमच्या पोलीस गाड्यांमध्ये... नकाशे बसवाचे आहेत.”

मी फोनवर हात ठेवून पोटभर हसले आणि मग त्याला घाटाचा रस्ता सांगितला. तासाभरानं तो दारात उभा होता, धुळीनं माखलेला. अमरावतीचा धम्मरत्न. कक्षात आम्ही चौघी, पण तो सरळ माझ्यासमोर आला.

“फोनवर तुम्हीच होत्या ना?”

“आवाजावरून ओळखलं?”

“हसण्यावरून. हात नीट ठेवला नव्हता तुम्ही.”

त्याचं काम असं — आलेला फोन मी एकदाच टाइप करायचा. तो आपोआप नोंदीत जाणार आणि जवळच्या गाडीतल्या पडद्यावर नकाशासकट उमटणार. चाचणी माझ्या टेबलावर होती. सगळं बरोबर चालतं अशी मी सही केली, की तो परत अमरावतीला.

ती सही मी काही लवकर करणार नव्हते. खोटं कशाला बोलू? तो खुर्ची ओढून शेजारी बसला की मला बरं वाटायचं. मग मी रोज एक खोट काढायची. अक्षरं बारीक आहेत. घंटी कर्कश आहे. हिरवा रंग डोळ्यांना टोचतो.

“काल तर हिरवाच पाहिजे म्हणत होत्या?”

“काल आवडत होता.”

“आन् आज?”

“आज... बघू.”

तो चष्म्याआडून हसायचा आणि निमूट रंग बदलायचा.

महिना होत आला, तेव्हा एका दुपारी फोन आला. बीबीच्या फाट्यावर ट्रॅक्टर आणि मोटरसायकलची धडक, दोघं जखमी. मी भराभर टाइप करून पाठवलं. लगेच लोणारकडच्या गाडीतून हवालदार शेषरावभाऊ वायरलेसवर —

“मॅडम, इथं ‘पत्नीच्या फाट्यावर अपघात’ असं आलं. कोनाची पत्नी? फाटा कोनता?”

नोंदीच्या यंत्रणेत भाषा शुद्ध करायची सोय होती. तिनं हिंदी शब्द समजून आमच्या बीबी गावाची सरळ पत्नी करून टाकली होती!

“बीबी फाटा, भाऊ! पळवा गाडी!” मी ओरडले.

गाडी वेळेत पोचली, दोघंही वाचले. कक्षात सगळे खो-खो हसले. मला मात्र हसू येईना. धम्मरत्नची कामाची यादी समोर उघडी होती. ‘गावांची नावं तपासणे’ सगळ्यात खाली, आणि त्याच्यावर ओळीनं माझी घंटी, माझी अक्षरं, माझा हिरवा रंग.

“माझ्यामुळं राहिलं हे,” मी म्हणाले. “घंटी कर्कश नव्हतीच.”

“माहीत आहे मले.”

“मग बदलली काऊन?”

“तुम्ही सांगितलं म्हणून...” तो बुटांकडे बघत म्हणाला.

पुढचे दोन दिवस मी जिल्ह्यातली गावं एकेक वाचत गेले आणि तो ती यंत्रणेत बसवत गेला. एकही थट्टा केली नाही मी. तिसऱ्या दिवशी चाचणीत प्रत्येक गावाचं नाव जसंच्या तसं गाडीत पोचलं. आता आढेवेढे घेणं बरोबर नव्हतं. मी सही केली. कागद पुढे सरकवताना डोळे भरून आले, ते त्याला दिसू नयेत म्हणून मान खाली घातली.

त्यानं कागद बॅगेत ठेवला, चेन लावली, बॅग खांद्याला अडकवली. पण जाईना.

“आता बोलू?”

“काय?”

“सहीच्या आधी बोललो असतो, तर तुम्ही म्हणाल्या असत्या, पोरगं सहीसाठी गोड बोलून राह्यलं. म्हणून महिनाभर गप बसलो... मले तुम्ही आवडता, सुचिता. लय आवडता.”

तो जाऊ नये म्हणून मी सही अडवून बसले होते, आणि हा बोलण्यासाठी त्याच सहीची वाट बघत होता!

“आधी बोलता येत नव्हतं?” मी रडता रडता हसले.

“तुमाले सही करता येत नव्हती?”

महिनाभर रोज नवी खोट काढून जे सांगत होते, ते आज सरळ सांगितलं.

“जाऊ नका.”

त्यानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.