रस्त्यावरून मारलेली हाक

हस, लुकेर्या, हस. येव्सेईनं मला हे सांगितलं तेव्हा तो प्यायलेला नव्हता, एवढं मात्र लक्षात ठेव. आमच्याच लाकूड गिरणीतला माणूस.

सतरा जानेवारीला रात्री साडेनऊ वाजता तो जुन्या गावाकडे निघाला. गाडीत शेजारच्या सीटवर नमद्याचा, म्हणजे जाड लोकरीचा, एक जुना बूट. काम साधंच होतं, चुलीमागच्या आजोबांना, म्हणजे घर राखणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या म्हाताऱ्याला, त्यात बसवून शहरात आणायचं. गाव रिकामं होऊन नऊ वर्षं झाली होती. सात घरं शहरात गेली, पण आपापल्या घरातल्या आजोबांना बरोबर चला म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

त्याची बायको कपितोलिना अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलेलं. तिनं एकच धोशा लावला होता, "त्यांना घेऊन ये. ते राखतील मला."

"अगं, सहाव्या मजल्यावर ते राहणार कुठे? गॅसच्या शेगडीमागे?"

"तू राहतोसच की." मग म्हणाली, "आपल्या चुलीपाशी जा. आपल्या घराण्याचं नाव घे. मगच बोलाव."

गावात पोचला तर रस्त्यापासून दारापर्यंत कमरेएवढं बर्फ. टॉर्च मिणमिणती. घरी बायको एकटी. एवढ्यातून आत कशाला जायचं, असं त्याला वाटलं. रस्त्यावरच उभं राहून त्यानं बूट पुढे धरला.

"आजोबा, चला. घरी चला."

नाव घेतलंच नाही.

काही झालं नाही. मग त्याच्या घराचं दार करकरलं. मग पाठीमागच्या घराचं. मग पलीकडचं... बूट जड होत गेला. गाडीपर्यंत न्यायला दोन्ही हात लागले.

घरी येऊन त्यानं बूट शेगडीपाशी ठेवला आणि आडवा झाला.

तीन वाजता जाग आली. कपितोलिनाला श्वास घेता येत नव्हता. छातीवर कुणीतरी दाबत होतं. अशा वेळी काय विचारायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हात केसाळ आणि उबदार असला तर बरं होणार. गुळगुळीत आणि गार असला तर...

तिनं विचारलं, "आजोबा... बऱ्यासाठी, की वाईटासाठी?"

उत्तर आलं. एका आवाजात नाही.

त्यानं दिवा लावला. कुणी नव्हतं. ती त्याच्याकडे बघत होती.

"येव्सेई... किती जणांना आणलंस?"

त्यानंतर ती बोलली नाही.

सकाळी तिला शेवटची आंघोळ घालायला बायका आल्या. त्यांनी त्याला आत बोलावलं. पांढऱ्या झग्यावर, छातीपाशी, काजळीचे पंजे उमटले होते. लहान मुलाच्या हाताएवढे. त्या घरात काजळी येणार कुठून? एकावर एक, सात पंजे. सहा गुळगुळीत.

सातवा त्या सहांच्या खाली होता, काळजावर झाकण धरल्यासारखा. त्यात पांढरे केस चिकटलेले होते.