गोधडीतला कंप्युटर

देवगाव फाट्यावर काळीपिवळी जीप थांबली, अन् एक पोरगी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी उराशी धरून जपून उतरली. आदिनाथ आपल्या दुकानाच्या पायरीवर चहा पीत होता. भला माणूस... लगेच उठला.

"लेकराला सावलीत घ्या. ऊन लय हाय."

तिनं गोधडी जराशी उघडली. "लेकरू न्हाई, कंप्युटर हाय. बंद पडलाय."

आता दुकान कंप्युटर दुरुस्तीचंच, त्यामुळं पळायला जागा नव्हती. आदिनाथचे कान लाल झाले. पोरगी ओठ दाबून हसली, आणि बिचाऱ्याचा चहा हातातच गार झाला.

दीपिका वालूरची. वाढदिवसाचे, उद्घाटनाचे बॅनर बनवायची. आदिनाथनं कंप्युटरचा डबा उघडला, तर मदरबोर्डवर हळदी-कुंकवाचा चिखल!

"खंडेनवमीला बाबा पूजा करतेत," ती ओशाळली. "औंदा नारळाचं पाणीबी शिंपडलं."

"देव पावला, बोर्ड गेला," तो हसला. "असला जुना बोर्ड आता भेटत न्हाई. नवा टाकू. प्रोसेसर, रॅमबी नवी लागंल. डबा अन् हार्डडिस्क तीच ऱ्हाईल. तुमचं काम समदं सुखरूप हाय."

तिचे डोळे भरले. "दिवाळीच्या आत चालू करा. न्हाईतर बाबा मला पुण्याला मामाकडं धाडतेत, कंपनीत कामाला. मला न्हाई जायचं."

बोर्ड परभणीहून यायचा होता. फोनवर विचारता आलं असतं, पण दीपिका स्वतः यायची. "आला का?" म्हणायची, अन् घटकाभर बसायची. बोर्ड लवकर यावा असंही आदिनाथला वाटे... आणि येऊच नये असंही.

शेवटी आला. त्यानं तो जुन्या डब्यात बसवला. तिनं मोबाईलचा उजेड धरला. वायर जोडताना बोटाला बोट लागलं. बटन दाबलं. पंखा फिरला, तिचे बॅनर एकेक करून पडद्यावर उघडले. दीपिकाचा चेहरा उजळला. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"तुमी का तोंड पाडून बसलाव?"

"चांगलं चालायलंय. लय वर्षं काही होत न्हाई आता. म्हंजे... तुमचं येणं—"

"बंद."

"हां." त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तरीबी मन लावून केलं. तुमी पुण्याला जाऊ नये म्हणून. तुमी मला लय आवडता, दीपिका."

बाहेर काळीपिवळीवाला हॉर्न वाजवायला लागला होता. गोधडीतला कंप्युटर उराशी धरून ती दारापर्यंत गेली, थांबली. मान खालीच होती.

"रविवारी बाबा घरी असतेत," ती हळूच म्हणाली. "तुमच्या आईला घेऊन या."