तिथी नसलेल्यांचं पान

शेगडी जरा मंद करा रे. खायला कुणी नको म्हणत नाही, पण मांस करपलं की तुम्हीच नाकं मुरडाल. आणि तो फोन उलटा ठेव. डोळ्यांत उजेड येतो माझ्या.

मघाशी विचारलं, उद्याची सुट्टी कसली, तर हा आमचा नातू काय म्हणतो? ‘आजोबा, सकाळी दहाला भोंगा वाजतो, मिनिटभर उभं राहायचं, मग दिवस मोकळा.’ शाबास रे पठ्ठ्या! सेऊलला शिकायला पाठवलं ते कारणी लागलं.

लढाईत मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस आहे तो, सहा जून. मला मात्र त्या दिवसाची भीती वाटते. हसा, हसा. मीही हसलो असतो. पण मान्सिकला मी ओळखत होतो.

पलीकडच्या वळणावर निळ्या पत्र्याचं बंद घर आहे ना, ते त्याचं. प्यो मान्सिक. माझा बालमित्र, शेतीतला जोडीदार आणि पटावर हरला की सोंगट्या उधळणारा एक नंबरचा रड्या. दोन हजार एकोणीस साली, पाच जूनला, बुधवारी, मी त्याला माझ्या टेम्पोतून होंगछनच्या बाजारात घेऊन गेलो. त्याला मासा हवा होता. डोक्यासकट, अख्खा, मोठ्यातला मोठा.

मासेवाली त्याला चांगली ओळखायची. म्हणाली, “अहो, डॉक्टरनं तुम्हाला पेज सांगितलीय ना? पोटात एवढी गाठ घेऊन हा घोड्याएवढा मासा कोण खाणार?”

“मी नाही गं बाई,” मान्सिक म्हणाला. “माझा दादा येणारे जेवायला.”

ती हसली. मी हसलो नाही. मला माहीत होतं, दादा म्हणजे योंगसिक. पन्नास साली उत्तरेची फौज खाली उतरली, तेव्हा आपल्या लष्करानं अठरा वर्षांच्या योंगसिकला लढायला म्हणून बांधावरून उचलून नेलं. मान्सिक तेव्हा सात वर्षांचा. पुढं एक कागद आला, बेपत्ता म्हणून. ना तारीख, ना जागा, ना हाड.

त्यांच्या आईनं शेवटपर्यंत त्याचं पान मांडू दिलं नाही. कुणी विषय काढला की अंगावर धावून जायची. “जित्या पोराचं पान वाढतात का रे, मेल्यांनो?” तिच्या माघारी मान्सिक पान मांडायचा, नवव्या महिन्यातल्या नवमीला, ज्यांची मरणतिथी ठाऊक नाही त्यांचं सगळे करतात तसं. पण दरवर्षी त्याच्या स्वप्नात दादा यायचा, आणि तो उपाशी असायचा. मान्सिक सकाळी उठून माझ्याकडे यायचा नि म्हणायचा, “चुकीच्या दिवशी वाढतोय रे मी. त्याला कळतच नाहीये की जेवण आहे.”

त्या वर्षी डॉक्टरनं हात टेकले. मुलगा इंचनला, चर्चमध्ये जाणारा. त्यानं सरळ सांगितलं होतं, ‘बाबा, तुमच्यानंतर मी हे करणार नाही.’ म्हणजे ही शेवटची संधी. दादा आज जेवला तर जेवला, नाहीतर कायमचा उपाशी.

परत येताना तो टेम्पोत म्हणाला, “मला सुचलंय. देशानं ज्या दिवशी आठवण ठेवली, तीच त्याची तिथी. सहा जून. आज मध्यरात्री वाढतो. भोंगा वाजवून बोलावतात, तर येईलच की.”

मी म्हटलं, “बघ बाबा.” मला त्यातली चूक दिसलीच नाही. तुम्हालाही दिसत नाहीये.

रीत तुम्हाला ठाऊक असायला हवी, पण तुमच्या घरी सगळं डब्यात विकत येतं, म्हणून सांगतो. जेवण मांडायचं. जमिनीला डोकं टेकायचं. मग खोलीचं दार लावून घरच्यांनी बाहेर ओसरीवर बसायचं. गेलेला माणूस आत निवांत जेवतो. थोड्या वेळानं कर्त्यानं खाकरायचं, आणि मगच आत जायचं. अंगणाचं दार तेवढं सताड उघडं ठेवायचं.

अमावास्या नुकतीच झालेली. मिट्ट काळोख. लावणी झालेल्या खाचरांत बेडूक कान किटवत होते. मान्सिक आणि त्याची बायको ओक्बुन ओसरीवर बसले होते. बारा वाजून गेले, आणि बेडूक थांबले. सगळे. एकदम.

आतून आवाज आला. वाडगं सरकल्याचा.

मान्सिकनं बायकोचा हात धरला. “आला गं. आला!” त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. किती वेळ थांबला, त्यालाही कळलं नाही. मग खाकरला. दार उघडलं.

वाडगं पुसल्यासारखं स्वच्छ. माशाचा काटाही नव्हता.

“जेवला गं! दादा जेवला!”

“पोट भरलं, आजोबा,” मागून कुणीतरी म्हणालं.

मान्सिक वळला. अंगणात एक पोरगा उभा होता. गणवेशातला. डोक्यावरचा लोखंडी टोप कानांपर्यंत आलेला. चेहरा... तो योंगसिकचा नव्हता.

“माझ्यामागं बाकीचे आहेत,” पोरगा म्हणाला, आणि दारातून निघून गेला.

दारात दुसरा उभा होता.

थांबा. मला एक घोट द्या... हं.

ओक्बुन मोठ्या काळजाची बाई. दुसरी किंचाळली असती. ती म्हणाली, “पोरं आहेत हो. उपाशी पोरं आहेत.” तिनं कुकरमधला भात पुन्हा वाढला. दार लावलं. खाकरले. वाडगं रिकामं. पुन्हा वाढलं. पुन्हा रिकामं. मान्सिक प्रत्येकाला विचारत होता, “प्यो योंगसिक माहीत आहे का? उंच. डावखुरा.” कुणी नाही म्हणून मान हलवायचं. कुणी नुसतं बघायचं. काहींच्या अंगावर समोरच्या फौजेचे कपडे होते. त्यांनाही तिनं वाढलं.

मान्सिकनं दारातून बाहेर पाहिलं. रांग बांधावरून डोंगरापर्यंत गेली होती.

आता कळली चूक? सहा जून एकट्या योंगसिकचा नाही रे. ज्यांना तिथी नाही, ज्यांचं कुणी उरलं नाही, त्या सगळ्यांचा आहे. यानं एकाचं पान मांडलं, आणि दार सगळ्यांना उघडलं.

कुकरचा तळ लागला. एक वाडगंभर भात राहिला.

“हा दादाचा,” मान्सिक म्हणाला. “हा मी कुणाला देणार नाही.”

“अहो, पण...”

“नाही म्हटलं ना!”

तो अंगणात उतरला. दार ओढलं. कडी घातली. पाठ लावून उभा राहिला.

बाहेर कुणी ओरडलं नाही. शिव्या नाहीत. धक्का नाही. नुसती पावलं... परत फिरणारी. ओली. एकामागून एक. बराच वेळ.

मग शांत.

मग... टकटक.

हळू. बोटाच्या पेरानं.

“संपलंय!” मान्सिक ओरडला. “काही नाही इथं!”

टकटक.

“जा म्हणतो ना! दुसऱ्याच्या दारी जा!”

...

...

“शेंबड्या.”

तो गर्रकन कडीकडे वळला. या नावानं त्याला जगात एकच माणूस हाक मारायचा.

“शेंबड्या, राहू दे रे. तू जेव.”

कडी निघेना. ओक्बुन धावत आली, दोघांनी मिळून ओढली. दार उघडलं.

रस्ता. बांध. काळोख.

कुणी नाही.

सकाळी मी गेलो तेव्हा मान्सिक उंबऱ्यात बसला होता, मांडीवर भाताचं वाडगं घेऊन. भात वाळून दगड झाला होता. चिखलानं पाय गुडघ्यापर्यंत भरले होते. रात्रभर तो खाचरांतून ‘दादा, दादा’ करत फिरला होता. सगळं मला सांगितलं आणि म्हणाला, “मी हाकललं रे त्याला. इतक्या वर्षांनी दारात आला होता, आणि मी हाकललं.”

मी म्हटलं, भास झाला असेल. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मला माझीच लाज वाटली.

दहाला भोंगा वाजला. मी उभा राहिलो. तो बसूनच होता. त्यानंतर त्यानं अन्नाला शिवायचं नाव काढलं नाही. पेजही नाही. पानं गळायच्या आत गेला. ओक्बुनला मुलगा इंचनला घेऊन गेला. त्या घरात पुन्हा कधी पान मांडलं गेलं नाही. आता मांडणारही नाही कुणी.

त्या सकाळी त्याला आत न्यायला म्हणून मी वाकलो, तेव्हा दाराबाहेरच्या दगडावर मला काहीतरी दिसलं. मान्सिकला मी ते दाखवलं नाही. उचललं आणि खिशात टाकलं.

चमचा होता. लष्करी, पत्र्याचा, गंजून कडा खाल्लेला, दांड्याला डोंगरावरची लाल माती. कुणीतरी नीट, दाराकडे तोंड करून ठेवलेला.

त्याला एक शीतही लागलेलं नव्हतं.