न जोडलेला रिमोट

रविवारी दुपारी दादा जुना व्हिडिओ गेम पुसून खोक्यात भरत होता. जुन्या वस्तूंचा दुकानदार संध्याकाळी तो न्यायला येणार होता. खारू सोफ्यावर आडवी पडून, पोटावर पुस्तक ठेवून, अभ्यासाचं सोंग करत होती.

"हे बघ," दादा हसला, "दुसरा रिमोट जोडायच्या भोकावरचं झाकण अजून तस्संच. नवंकोरं!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! तुझा रिमोट कधी जोडलाच नव्हता. तू भोकाड पसरलंस की हातात द्यायचो. वायर सोफ्याखाली. 'दाब, दाब, तूच खेळतेयस!'"

खारू ताडकन उठून बसली. गेममधला निळा माणूस दादाचा, लाल तिचा. लाल सतत निळ्याच्या पाठीला चिकटून चालायचा. शेवटच्या दारापाशी मात्र दोघांनी दोन वेगळ्या दगडांवर उभं राहायचं, तरच दार उघडणार. लाल निळ्याच्या पाठीपासून कधी हललाच नाही. आणि दर वेळी दादा ओरडायचा, "तुझ्यामुळे हरलो, माठ!"

तो माठ तिच्या डोक्यावर अजून होता. शाळेत खेळाच्या जोड्या पाडताना आजही तिचा हात अर्धाच वर जायचा.

"आणि सगळ्यांना सांगत सुटायचास, हिच्यामुळे हरलो म्हणून?"

"अगं, गंमत! किती तापतेस?"

"लाव तो गेम. आत्ता. संपवल्याशिवाय हा घराबाहेर जाणार नाही."

"एकटीने संपत नाही तो." दादाने नखाने झाकण उचकटून पाहिलं, मग स्क्रूड्रायव्हरने. झाकण जाम बसलं होतं. "बघ, दुसरा जोडताही येत नाही."

तिने गेम टीव्हीला जोडला आणि पहिला रिमोट हिसकावला. दुसरा शेजारी गादीवर आपटला. त्याची वायर मोकळी लोंबत होती.

ती खेळायला लागली. राग नुसता अंगठ्यांत उतरला होता. निळा धावत होता, लाल मागोमाग. पहिला खड्डा आला. निळ्याने तो पार केला.

लाल काठावर थांबला. जागच्या जागी दोन उड्या मारल्या. मग खड्डा ओलांडला.

"हे कसं केलंस?" दादाने विचारलं.

"मी नाही केलं."

लहानपणी खड्डा दिसला की ती आधी उडीचं बटण असंच दोनदा दाबायची. धीर यावा म्हणून.

पुढच्या खड्ड्यापाशी पुन्हा दोन उड्या. दादाचं हसू मावळलं. खोलीत फक्त बटणांची टकटक ऐकू येत होती. तिच्या एकटीच्या अंगठ्यांची वाटत नव्हती.

शेवटचं दार आलं. निळा आपल्या दगडावर चढला.

लाल त्याच्या पाठीपासून सुटला. सावकाश चालत दुसऱ्या दगडावर जाऊन उभा राहिला.

दार उघडलं. दोघांनीही कधी न ऐकलेली धून वाजू लागली. लाल उंबऱ्यात जाऊन थांबला आणि मागे वळला.

"दे इकडे!" दादाने रिमोट ओढून घेतला. बटण दाबलं. निळा हलला नाही. वायर घट्ट खोचली, पुन्हा दाबलं. "चालत का नाही हा?"

"दाब ना, दादा," खारू म्हणाली. "दाब, दाब. तूच खेळतोयस."

लाल आत गेला. दार लागलं. निळा बाहेरच राहिला.

दादा दाबतच होता.

शेजारी, मोकळ्या वायरच्या रिमोटवर, उडीचं बटण आपोआप खाली जात होतं, वर येत होतं. त्याच्या मागे गादीला लहान मुलीएवढा खळगा पडला होता.

खारूने थोडं सरकून तिला जागा करून दिली.